पाल्याची खोली

नऊ दिवस झाले, पाऊस थांबला नव्हता, आणि ओला पाला अळ्यांना चालत नाही.

रेशमाची अळी जन्मभर दोनच कामं करते, खाते आणि झोपते. पण पाण्याचा थेंब असलेलं पान तिच्या पोटात गेलं की तिचं पोट बिघडतं, आणि एकीचं बिघडलं की ताटातल्या सगळ्यांचं बिघडतं. म्हणून ते नऊ दिवस घुम्या आणि त्याची बायको तुतीची पानं फडक्याने पुसत होते. तो पहाटे डोक्यावर पोतं घेऊन शेतात जायचा, फांद्या कापून भारा बांधायचा आणि चिखलातून शेडपर्यंत आणायचा. ती पाल्याच्या खोलीत मांडी घालून बसलेली असायची. भारा सोडायचा, फांदी झटकायची, एक एक पान दोन्ही बाजूंनी टिपायचं, फांदी दोरीवर टांगायची. दुपारपर्यंत तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतायची.

त्याला सगळे घुम्या म्हणत. दहा शब्दांचं काम तो एका शब्दात करायचा, आणि तो एकही शक्यतो वाचवायचा. बायकोचं तोंड मात्र चालायचं. आताशा तिला बोलताना मधे थांबावं लागे, तेवढंच.

शेडच्या दारात चुन्याचं ताट होतं, त्यात पाय बुडवून आत यायचं. बाजूला पाण्याची बादली आणि साबण. वर पाटी होती: तंबाखू बंद. शेडची मालकीण स्वतः दारात उभी राहून माणसांची तोंडं हुंगायची. भारे टाकायला येणारे गडी तिची चेष्टा करत. म्हणत, बाई, आमच्या बायकोनेसुद्धा इतक्या जवळून हुंगलं नाही कधी. मालकीण म्हणे, तिने हुंगलं असतं तर तुम्ही आज सुधारला असता. तंबाखूचा धूर, तंबाखूचा हात, तंबाखूची थुंकी, काहीच अळीला चालत नाही. ताटंच्या ताटं आडवी होतात.

"मी अळी व्हायला हवं होतं," बायको एकदा पान पुसता पुसता म्हणाली.

घुम्याने वर बघितलं.

"मालकिणीनं तुम्हाला लग्नातच हुंगून परत पाठवलं असतं."

ती हसली, मग हसण्याचा खोकला झाला, मग तो थांबेना. घुम्या तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. हाताखाली तिचं सगळं अंग उडत होतं. दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. पाठीवर हात ठेवल्याने खोकला थांबत नाही, हेही आता त्याला माहीत झालं होतं.

तीन महिन्यांपूर्वी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "विड्या ओढता?"

"अगंबाई, मी कशाला ओढू?"

"घरात कोण ओढतं?"

"कोणी नाही," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी घुम्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. दोन बोटं नखांपर्यंत पिवळी होती. "यांना काय हळद लागलीय?"

घुम्याने हात मांडीखाली घेतला.

"हे बघा," बाई त्याला म्हणाल्या, "औषधानं मी खोकला खाली बसवीन. त्या धुरात बसल्या की तो पुन्हा उठेल. छातीचा जो भाग गेला तो गेला. उरलाय तो सांभाळायचा. तुम्ही ओढता आणि भोगतात त्या. एवढं तरी लक्षात घ्या."

येताना रस्त्यात त्याने विचारलं, "खोटं का बोललीस?"

"घरातलं बाहेर कशाला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घुम्याने विडी सोडली. बावीस वर्षं त्याने एकाच खोलीत, तिच्या उशाशी बसून ओढली होती. पहिले आठ दिवस त्याला झोप आली नाही, हात थरथरायचे, भूक लागायची आणि जेवण जायचं नाही. तो बोलला नाही कोणाला. पण घरात तो एकटा ओढणारा नव्हता.

घर थोरल्याचं होतं. थोरला म्हणजे घुम्याचा मोठा भाऊ. घुम्या नऊ वर्षांचा असताना आईबाप गेले. तेव्हा थोरल्याने खाणीत दगड फोडून त्याला वाढवलं, लग्न करून दिलं, दोन भिंती होत्या त्यांना दोन भिंती जोडून खोली उभी केली. आता त्याची कंबर गेली होती. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. दिवसभर तो बाहेरच्या दगडावर बसून विड्या ओढायचा, दिवसाला एक कट्टा, आख्खं बंडल. पावसाळ्यात दगड भिजला की आत खाटेवर. खोलीला खिडकी एकच, आणि पाऊस नेमका तिकडूनच यायचा, म्हणून ती चार महिने बंद.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. थोरल्याला काय सांगायचं आणि कोणत्या तोंडाने?

बायकोला मुलीकडे पाठवावं म्हटलं, तर मुलीच्या सासरीही एकच खोली आणि जावयाच्या तोंडात चोवीस तास विडी. घुम्यानेच बघून दिलेला जावई. तेव्हा दोघे एका काडीवर पेटवायचे.

मग अळ्यांची ही खेप आली. अळी चार वेळा झोपते आणि चार वेळा कात टाकते. चौथ्या झोपेतून उठली की आठवडाभर राक्षसासारखी खाते आणि मग कोष विणायला घेते. तिसऱ्या झोपेपासून पुढे शेडवर चोवीस तास माणूस लागतं. मालकिणीने घुम्याच्या बायकोला ठेवून घेतलं, कारण तिचा हात हलका होता. खोकल्याचं काय, असं घुम्याने विचारलं तेव्हा मालकीण म्हणाली, "माणसाचा खोकला अळीला लागत नाही. तोंडाला फडकं बांधायला सांगा."

शेडला लागून पाल्याची खोली होती. दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या, वर उंच पत्रा, आरपार वारा. बायकोने पाल्याच्या दोरीखाली अंथरूण टाकलं. गेलं वर्षभर ती भिंतीला पाठ लावून बसून झोपायची. इथे पाचव्या दिवशी घुम्या पहाटे आला तर ती आडवी झोपली होती. उताणी, तोंड उघडं, हात दोन्हीकडे टाकलेले. तो दारातच उभा राहिला. भारा डोक्यावर तसाच होता, पाणी मानेवरून पाठीत जात होतं. तिला उठवायला नको म्हणून त्याने भारा खाली टाकला नाही.

मालकिणीने ते बघितलं होतं. तोंडाने फाटकी, पण बाई वाईट नव्हती. दोन दिवसांनी ती म्हणाली, "ही खेप नीट निघू दे. कोष भरीव निघाले की मी पाला पलीकडच्या पत्र्याखाली हलवते. ही खोली तुम्ही दोघं घ्या. मला शेडवर कायमचं माणूस लागतंच."

"कायमचं?" घुम्याने विचारलं.

"मी आहे तोवर. पण खेप नीट निघाली तर."

त्या दिवशी बायकोने पानं पुसता पुसता चूल कुठे, कपड्यांची दोरी कुठे, सगळं ठरवून टाकलं. बाजारात तुरी झालं, घुम्याच्या मनात आलं. चूल बाहेर पत्र्याखाली घालू, एवढंच तो म्हणाला. धूर नको.

चौथी झोप उलटली. अळ्या बोटाएवढ्या झाल्या. शेडमध्ये साठ ताटं होती, आणि साठ ताटांमधून खाण्याचा आवाज यायचा, चरचर, चरचर, बाहेरच्या पावसात मिसळलेला. घुम्या दिवसाला सात भारे आणत होता. त्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. बायकोला बारीक ताप येत होता, पण ती सांगत नव्हती. त्याला तो तिच्या हातात भारा देताना कळला.

संध्याकाळी तो कोरडे कपडे न्यायला घरी गेला. थोरला खाटेवर बसून ओढत होता. दार लोटलेलं, खिडकी बंद. आत पाऊल टाकल्यावर घुम्याच्या डोळ्यांना पाणी आलं. तीन महिन्यांपूर्वी याच खोलीत त्याला काही जाणवायचं नाही.

"कधी यायची ती?" थोरल्याने विचारलं.

"चार दिवसांनी कोष धरतील."

"जेवणाचे हाल आहेत माझे. तू करतोस ती भाजी अळ्यांनाच घाल."

घुम्या ट्रंकेतून कपडे काढत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "दादा, ती आली ना, की तू बाहेर ओढत जा."

थोरल्याने राख झटकली. "बाहेर कुठं?"

"वळचणीला."

"वळचण हातभर. मी भिजतो तिथं."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्या बाईनं माझी छाती बघितली का? चाळीस वर्षं ओढतोय. मला काही झालं? मी ओढतो आणि खोकला तिला, हा कुठला न्याय?" त्याने झुरका घेतला. "तू बावीस वर्षं ओढलीस तेव्हा तिचा खोकला तुला ऐकू आला नाही. तू सोडलीस आणि आता तुला माझा धूर दिसायला लागला."

ते खरं होतं.

"घर कोणाचं आहे म्हणून मी विचारत नाही," थोरला म्हणाला. "ते विचारायची वेळ आणू नकोस. पण म्हाताऱ्या माणसाला कुत्र्यासारखं पावसात बसवायचं, हे बरं नाही. तुझी वहिनी गेल्यापासून माझ्यापाशी ह्या विडीशिवाय कोण बसतं सांग? तुम्ही दोघं दिवसभर अळ्यांत."

"मी बसेन."

"तू बसून काय करशील? तू बोलतोस तरी का?"

घुम्या कपडे घेऊन निघाला. दारात त्याच्या कानावर थोरल्याचा हळू आवाज आला. "फार आहे का तिचं?"

"फार आहे," घुम्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला शेडवर आला. कमरेत वाकलेला, हातात काठी, डोक्यावर पोतं. अर्ध्या कोसाचा चिखल तुडवून आला होता. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला काम सांग."

मालकीण गावाला गेली होती, संध्याकाळी येणार होती. बायकोला रात्रभर ताप होता, ती अंथरुणावर पडून पानं पुसत होती. घुम्याला अजून पाच भारे आणायचे होते. साठ ताटं रिकामी होत आली होती. अळीला थांब म्हणून सांगता येत नाही.

"ओढलीस?" घुम्याने विचारलं.

"उठल्यापासून एक नाही." थोरल्याने तोंड उघडून दाखवलं. आतले दात काळे होते, पण वास शिळ्या तोंडाचाच होता. "कट्टा घरी ठेवून आलो. काडेपेटीसुद्धा. बघ खिसे."

घुम्याने खिसे बघितले. मोठ्या भावाचे खिसे चाचपताना त्याची मान वर होईना. मग त्याने साबण दिला. थोरल्याने कोपरापर्यंत हात धुतले, गुळण्या केल्या, पुन्हा धुतले. नखांतलं काडीने काढलं. चुन्यात पाय बुडवले. हात पुढे केले, उलटेसुलटे करून दाखवले.

"आता हुंग," तो म्हणाला. "तुझी मालकीण करते तसं."

घुम्याने हुंगलं. साबणाचा वास होता.

त्याने थोरल्याला पाल्याच्या खोलीत बसवलं आणि भारा समोर सोडला. "पानं दोन्हीकडून पुसायची. देठाशी पाणी राहतं, तिथं बघायचं."

"दगड फोडले मी. पान पुसता येईल."

बायको उठून बसायला लागली तर थोरला म्हणाला, "पड तू. आज मी तुझी जाऊबाई."

ती हसली, आणि या वेळी खोकला आला नाही. घुम्या कोयता घेऊन पावसात गेला. जाताना त्याला बरं वाटत होतं. गेल्या कित्येक दिवसांत तेवढंच.

दुपारपर्यंत थोरल्याने चार भारे पुसले. दर थोड्या वेळाने त्याचा हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. पण तो उठला नाही. शेडमधली फडकी ओली होऊन गेली, तेव्हा त्याने खांद्यावरचं आपलं फडकं काढलं आणि त्यानेच पुसत राहिला. जाडंभरडं, पाणी चांगलं पिणारं. पिळायचं आणि पुन्हा पुसायचं. कोरडा झालेला पाला घुम्याने ताटांवर पसरला, दहा वाजता आणि पुन्हा दोन वाजता. खोलीत तीन माणसं होती आणि धुराचा मागमूस नव्हता. तिघंही चहा प्यायले. थोरल्याने खाणीतल्या मुकादमाची जुनी गोष्ट सांगितली, माकडाने त्याची टोपी पळवली ती, आणि बायकोने पुढचा शब्द आधीच सांगितला, कारण ती गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती.

चारच्या सुमाराला बायको म्हणाली, "आवाज येत नाही."

घुम्याने ऐकलं. पाऊस होता. फक्त पाऊस.

तो शेडमध्ये गेला. ताटांवर पाला तसाच पडला होता. अळ्यांनी माना वर केल्या होत्या, अर्धं अंग उचलून त्या इकडून तिकडे हलवत होत्या, जणू काही शोधताहेत. काहींच्या तोंडातून तांबूस पाणी येत होतं. त्याने एकीला बोटावर घेतलं. ती आखडली आणि त्याच्या बोटावर ओकली.

त्याने काय करायचं? पाला उचलायचा? तो उचलायला लागला. एक ताट, दुसरं ताट, तिसरं. बायको भिंत धरत धरत आली आणि पलीकडून उचलायला लागली. थोरला दारात उभा होता, चुन्याच्या ताटात पाय, आत यावं की नाही ते न कळून.

मालकीण आली ती सरळ आतच आली. तिने एका ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "तंबाखू."

बायकोने हातातलं ताट खाली ठेवलं.

तिने घुम्याचं तोंड हुंगलं. हात हुंगले. मग थोरल्याकडे गेली. थोरल्याने न सांगता तोंड उघडलं, हात पुढे केले. तिने हुंगलं आणि तिला काही मिळालं नाही. ती पाल्याच्या खोलीत गेली. बादली बघितली, दोऱ्या बघितल्या, एक पान चुरगळून नाकाशी धरलं. मग तिथल्या खिळ्यावर वाळत टाकलेलं फडकं उचललं. ओलं होतं. तिने ते पिळलं. तिच्या हातावर चहाच्या रंगाचं पाणी आलं.

"हे कोणाचं?"

"माझं," थोरला म्हणाला. "मी सकाळपासून ओढलेली नाही. आईशप्पथ. यांना विचारा."

"यात काय बांधता?"

थोरल्याचा हात रिकाम्या खांद्याकडे गेला. चाळीस वर्षं तो त्या फडक्याच्या टोकाला विड्यांचा कट्टा बांधत होता. तुटलेल्या विड्यांचा चुरा त्याच गाठीत पडायचा, तो गोळा करून पुन्हा वळायचा. फडकी झाली असतील तीन-चार, गाठ एकच. आज कट्टा सोडून घरी ठेवला होता. फडकं खांद्यावरच राहिलं होतं. ते त्याच्या मनात आलं नाही, आणि घुम्याने त्याला नखशिखान्त हुंगलं, खिसे उलटे केले, पण खांद्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही. ते फडकं त्याने लहानपणापासून इतकं बघितलं होतं की ते त्याला दिसतच नव्हतं.

"अर्क करून पाजलात तुम्ही," मालकीण म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अंधार पडायच्या आत पंचेचाळीस ताटं गेली. उरलेल्या पंधरांतल्याही वाचतील तेवढ्या खऱ्या. शेडमागे खड्डा खणायचा, अळ्या टाकायच्या, वर चुना घालायचा. थोरला फावडं घ्यायला गेला तर मालकीण म्हणाली, "तुम्ही कशाला हात लावू नका." मग तो काठीवर दोन्ही हात ठेवून पावसात उभा राहिला. घुम्याने खणलं. बायको एक एक ताट आणून द्यायची. मऊ, थंड, जड झालेल्या अळ्या ताटाला चिकटून राहायच्या, त्या ती हाताने सोडवायची.

"एका दिवसात मेल्या," थोरला म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. "एवढ्याशानं?"

घुम्याने फावडं थांबवलं. "त्या लहान आहेत, दादा," तो म्हणाला. "हिला वेळ लागतोय."

थोरल्याने त्याच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. ती ताट झटकत होती, तिने ऐकलं नाही असं दाखवलं. ते शब्द परत घ्यावेत असं घुम्याला वाटलं. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि त्याला बोलायची सवयच नसल्याने ते फारच मोठ्याने आले होते.

खड्डा बुजल्यावर तो मालकिणीपाशी गेला. हात चुन्याने पांढरे, नखांत माती. तो नुसता उभा राहिला. तिला कळलं.

"नाही," ती म्हणाली. "आता ती खोली तुम्हाला देता येणार नाही. हिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण हिच्या मागे तुम्ही येणार, तुमच्या मागे ते येणार. त्यांना मी अडवू शकेन, तुम्ही अडवू शकणार नाही. आज बघितलं ना?"

"पुसायला माणूस नव्हतं, बाई."

"मला माहीत आहे." तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "आणि आता सगळं धुवून औषध मारून पंधरा दिवस बंद ठेवायचं आहे. त्या औषधाच्या वाफेत तिला ठेवता का? मग? घरी न्या तिला."

तिघं घरी आले. पुढे थोरला, मधे ती, मागे घुम्या अंथरूण डोक्यावर घेऊन. अर्ध्या कोसात ती सहा वेळा थांबली. प्रत्येक वेळी थोरलाही थांबायचा, मागे न बघता.

घरी आल्यावर थोरल्याने स्वतःच्या हाताने खिडकी उघडली. पाऊस सरळ खाटेवर आला. त्याने खाट ओढली, तरी आला. शेवटी ती पुन्हा लावावी लागली. मग त्याने कट्टा घेतला आणि वळचणीला जाऊन बसला, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी. हातभर वळचण. त्याचे पाय भिजत होते. काड्या सर्दावल्या होत्या, विडी मधेच विझायची. तो ती आत आणून चुलीच्या कडेला वाळत ठेवायचा आणि पुन्हा बाहेर जायचा. दोनदा त्याने आख्खा कट्टा चिखलात फेकला. दोन्ही वेळा थोड्या वेळाने उठून गोळा केला. घुम्या दारातून बघत होता. जित्याची खोड, लोक म्हणतात, आणि मोकळे होतात. घुम्याला ते आठ दिवस आठवत होते. तो पंचेचाळिशीत होता. थोरला सत्तरीला आला होता.

तीन दिवस थोरला बाहेर बसला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि कोणी त्याला आतही बोलावलं नाही. बायको भिंतीला पाठ लावून बसून झोपायची, पहिल्यासारखी. खोलीच्या भिंतींनाच वास होता, चादरींना, पत्र्याला. बाहेरून फटीतून थोडा यायचा. खोकला रोजचाच.

चौथ्या दिवशी थोरल्याला उठता येईना. हुडहुडी भरली, अंग तापलं, दात वाजायला लागले. घुम्याने त्याच्यावर होतं नव्हतं ते पांघरलं. दुपारी हुडहुडी थांबली तरी त्याचे हात थांबेनात. बोटं पांघरुणाची कड चुरगळत होती, ओठ हलत होते. त्याने विडी मागितली नाही. त्याने चादरीचं टोक तोंडात धरलं आणि डोळे मिटून चोखत पडला.

बायको समोरच्या भिंतीशी बसून बघत होती. बराच वेळ बघितलं.

"द्या त्यांना एक," ती म्हणाली.

घुम्या हलला नाही.

"नको गं," थोरला म्हणाला. डोळे मिटलेलेच.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा. अहो, द्या म्हणते ना. माणूस तडफडतोय समोर. मी सरकते दाराशी."

तिने अंथरूण गोळा केलं आणि दाराशी ओढत नेलं. दार वीतभर उघडलं. पावसाचे तुषार तिच्या तोंडावर आणि उशीवर यायला लागले. ती फटीला तोंड लावून बसली.

"भिजशील," घुम्या म्हणाला.

"आज भिजते मी."

त्याने चुलीच्या कडेची विडी घेतली आणि थोरल्याच्या ओठांत दिली. थोरल्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. तापाचं असेल. घुम्याने काडेपेटी उघडली. पहिली काडी ओढली, तिचं टोक चुरून गेलं. दुसरी ओढली, नुसती रेघ उमटली. तिसरी मोडली. पेटीत पुढे बऱ्याच होत्या. सगळ्याच सर्दावलेल्या निघू देत, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच वेळी थोरल्याच्या थरथरत्या ओठांतली विडी बघून निदान एक तरी पेटू दे, असंही आलं. चौथी पेटली.

ती हातात धरून तो क्षणभर थांबला. बायकोची पाठ त्याच्याकडे होती. थोरल्याने मान उचलली आणि विडी काडीला लावली.

पहिला झुरका आत गेला तसा त्याचा चेहरा सैल पडला, हात शांत झाले. धूर वर गेला, पत्र्याला टेकला आणि हळूहळू खाली पसरला. घुम्याच्या नाकात गेला आणि त्याला चांगला वाटला. पोटातून चांगला वाटला. दाराशी बायको खोकायला लागली.

त्याने कोपऱ्यातलं ताट उचललं आणि धूर दाराकडे वारायला लागला. धूर थोडा दाराशी जायचा, बाहेरच्या ओल्या वाऱ्याने अडायचा आणि तिच्या डोक्यावरून परत आत यायचा. तो वारत राहिला. हात भरून आला तेव्हा त्याने ताट दुसऱ्या हातात घेतलं.